वजनाच्या व्यायामातील खांद्याचा आवाज

वजन उचलताना किंवा खाली आणताना खांद्यातून येणारा ‘कट्ट’ असा सुटा किंवा ‘करकर’ असा सलग आवाज. वेदना, अशक्तपणा वा सांधा अडकणे यांपैकी काही सोबत नसेल, तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. ‘खांदा’ हा एक शब्द असला तरी त्यात हालचालीच्या चार जागा येतात : भुजास्थीचा (दंडाच्या हाडाचा) गोल व अंसफलकाची (पाठीवरील खांद्याच्या चपट्या हाडाची) उथळ खाच यांचा मुख्य सांधा, जत्रुकाच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) दोन टोकांचे दोन सांधे, आणि अंसफलक बरगड्यांवरून सरकते ती जागा. शारीरदृष्ट्या ही शेवटची जागा सांधा नव्हे. खाचेत एका वेळी गोलाचा पाव ते तिसरा हिस्साच टेकतो. त्याला सावरण्याचे काम खाचेभोवतीचे तंतुमय कडे, हाडांना जोडणारे बंध आणि चार स्नायूंच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचे) वेष्टन करतात. त्यामुळे आवाज कोणत्या जागेतून येतो हे आधी ठरवावे लागते.

आवाजाच्या उगमाविषयी जुना वाद आहे, मात्र तो जवळजवळ सर्वस्वी बोटांच्या सांध्यांवर लढला गेला. रॉस्टन व व्हीलर हेन्स यांनी 1947 मध्ये बोटे ओढताना क्ष-किरणचित्रे घेतली आणि पृष्ठभाग एकमेकांपासून सुटताना संधिद्रवात वायूची पोकळी (बुडबुडा) निर्माण होते, तेव्हाच आवाज होतो, असे मांडले. 1971 मध्ये अन्सवर्थ, डाऊसन व राइट यांनी हे उलटवले : आवाज बुडबुडा बनल्याचा नव्हे, तो कोसळल्याचा. हे मत चार दशके पाठ्यपुस्तकांत टिकले. 2015 मध्ये कॉचक व सहकाऱ्यांनी चालू एमआरआय चित्रणात पाहिले, तेव्हा आवाजानंतरही पोकळी सांध्यात दिसत होती. म्हणजे कल 1947 च्या मताकडे झुकला. 2018 मध्ये चंद्रन सुजा व बराकत यांनी गणिती प्रतिमानातून दाखवले की, बुडबुडा अंशतः कोसळला तरी तेवढा आवाज होऊ शकतो आणि उरलेला भाग चित्रात दिसू शकतो. दोन्ही निरीक्षणांना सामावून घेणारे म्हणून हे शेवटचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

व्यायाम करणाऱ्याला या वादातील एकच तपशील खरा उपयोगी आहे. बोट एकदा वाजले की तेच बोट पुन्हा वाजण्यास साधारण 20 मिनिटे जावी लागतात. शोल्डर प्रेसच्या (वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलण्याच्या व्यायामाच्या) दहाही आवर्तनांत त्याच कोनात खांदा ‘कट्ट’ करत असेल, तर तो बुडबुड्याचा आवाज असणे कठीण. तेथे एखादी कंडरा किंवा स्नायूचा पट्टा हाडाच्या उंचवट्यावरून घसरत असण्याची शक्यता अधिक. पुढच्या बाजूच्या अशा प्रत्येक आवाजाला ‘बायसेप्सची कंडरा सरकली’ म्हणण्याची सवय आहे. ती दुरुस्त व्हायला हवी. ही कंडरा आपल्या खोबणीतून खरोखर बाहेर येते, तेव्हा बहुतेकदा अंसफलकाच्या पुढील पृष्ठभागावरून येणाऱ्या स्नायूची कंडराही वरच्या कडेला फाटलेली असते, आणि मग दुखते.

अंसफलक बरगड्यांवरून सरकताना पाठीकडून येणाऱ्या करकरीची नोंद फार आधीची आहे. बॉइने यांनी ती 1867 मध्ये केली. मोक्लेर यांनी 1904 मध्ये तिचे तीन प्रकार केले : हलकी सळसळ, घासल्याचा आवाज आणि मोठी कडकड. पहिला स्वाभाविक, उरलेले दोन तपासण्याजोगे, हा त्यांचा भेद आजही उपयोगी पडतो.

खाचेच्या वरच्या कड्याची फाट अँड्र्यूज यांनी 1985 मध्ये फेक करणाऱ्या खेळाडूंत वर्णिली व स्नायडर यांनी 1990 मध्ये तिचे चार प्रकार पाडले. आत खोलवर ‘खटकन’ अडकल्याची जाणीव व वेदना हे तिचे लक्षण मानतात. मात्र 45 ते 60 वयाच्या, कोणतीही तक्रार नसलेल्या लोकांच्या एमआरआयमध्येही निम्म्याहून अधिक खांद्यांत अशी फाट वाचली गेली आहे. निव्वळ आवाजासाठी काढलेला एमआरआय म्हणूनच मनाला घोर लावण्यापलीकडे फारसे काही देत नाही. खांदेदुखीविषयी नीअर यांच्या 1972 च्या मांडणीनुसार कंडरा वरच्या हाडाखाली चिमटते. पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ते हाड तासण्याची शस्त्रक्रिया लटक्या (हाड न तासता केलेल्या) शस्त्रक्रियेपेक्षा लक्षणीय सरस ठरली नाही. जत्रुकाच्या बाहेरील टोकाची झीज वजन उचलणाऱ्यांत विशेष आढळते. केहिल यांनी 1982 मध्ये तिचे तपशीलवार वर्णन केले. बेंच प्रेसमध्ये (बाकावर उताणे पडून छातीवरून वजन ढकलताना) खांद्याच्या माथ्यावर बोटाने दाखवता येईल अशी वेदना ही तिची खूण.

वेदनारहित आवाजाला उपचार लागत नाही. तो नकोसा वाटल्यास वजन कमी करून मार्ग बदलून पाहावा. बेंच प्रेसमध्ये कोपरे धडाशी काटकोनात न पसरता थोडी आत घ्यावीत, हात बाजूला उचलताना ते सुमारे 30 अंश पुढे ठेवावेत, बारबेल मानेमागे उतरवू नये. कंडरावेष्टनाचे आणि अंसफलक बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे बळ वाढवल्यास आवाज काहींत ओसरतो. काहींत राहतो, आणि राहिला तरी व्यायाम सोडण्याचे कारण नाही. रात्रीची वेदना, हात वर नेण्याची ताकद जाणे, सांधा निखळल्यासारखे वाटणे वा बधिरपणा असल्यास अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून तपासणी करून घ्यावी.

एकदाच झालेला मोठा आवाज ही वेगळी बाब होय. बेंच प्रेसमध्ये वजन छातीकडे उतरताना काखेच्या पुढे फाटल्यासारखा आवाज, तत्काळ वेदना व नंतर दंडावर काळानिळा डाग आल्यास छातीच्या मोठ्या स्नायूची कंडरा तुटल्याचा संशय घ्यावा. त्याच दिवशी तपासणी करावी. पूर्ण तुटलेली कंडरा पहिल्या काही आठवड्यांत हाडाला पुन्हा जोडणे सोपे जाते, पुढे ती आकसत जाते.