चार खोल्यांची डिस्क आणि अडलेलं अपग्रेड

"फॉरमॅट मारून टाका." संगणकाच्या कुठल्याही दुखण्यावर आपल्याकडे हा एकच काढा मिळतो. विंडोज ११ चढत नाही म्हटल्यावर मलाही तो मिळाला, आधी दुकानदाराकडून आणि मग भाच्याकडून. दोघांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण फॉरमॅट मारल्यावर गाडी कुठे अडली होती हे कधीच कळत नाही, आणि माझा जीव त्यातच अडकला होता. शिवाय माझ्या बाबतीत निम्मं दुखणं फॉरमॅट मारूनही गेलं नसतं, ते पुढे येईलच.

संगणक असेंबल केलेला. २०१८ साली पुण्यातल्या तपकीर गल्लीत फिरून एकेक भाग आणला आणि घरी जेवणाच्या टेबलावर जोडला. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, नवी एसएसडी. म्हणजे विंडोज ११ ला जे लागतं ते कागदावर सगळं होतं. किमान चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि प्रोसेसरच्या यादीत इंटेलची आठवी पिढी बसते. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती, म्हणून अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, लक्ष्मी रोडकडून ढोलांचा आवाज अजून येत असताना मी तपासणीचं अ‍ॅप चालवलं. उत्तर आलं : हा पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. टीपीएम सापडत नाही, सिक्युअर बूटची सोय नाही.

कंपनीचा तयार पीसी असता तर या दोन्ही गोष्टी बहुधा कारखान्यातच चालू करून आल्या असत्या. असेंबल्ड पेटीला कारखाना नसतो. तिच्यातला प्रत्येक खटका कोणीतरी, कधीतरी, काहीतरी अडलं म्हणून इकडचा तिकडे केलेला असतो आणि मग विसरलेला असतो. माझ्या पेटीत ते कोणीतरी मीच होतो.

टीपीएमचं काम दोन मिनिटांत झालं. टीपीएम म्हणजे किल्ल्या आणि मोजमापं सांभाळणारा छोटा तिजोरीवजा भाग. पूर्वी त्याची वेगळी चिप असे. आता इंटेल आणि एएमडी दोघांच्याही प्रोसेसरांबरोबर ती सोय फर्मवेअरमध्येच, म्हणजे मदरबोर्डच्या चिपमध्ये बसवलेल्या मूळ कार्यक्रमातच येते. इंटेलकडे तिचं नाव पीटीटी, एएमडीकडे एफटीपीएम. सुट्या विकल्या जाणाऱ्या कित्येक मदरबोर्डांवर ती २०२१ पर्यंत बंदच ठेवलेली असायची. संगणक चालू होताना डिलीट दाबलं, बायोसमध्ये, म्हणजे त्या फर्मवेअरच्या खटक्यांच्या पानांवर जाऊन पीटीटी चालू केलं, झालं.

ही तिजोरी मोजते काय? संगणक जागा होताना जो जो कार्यक्रम चालतो, त्याचा आधी हॅश काढला जातो, म्हणजे त्याच्या मजकुरावरून एक ठरावीक लांबीची संख्या काढली जाते. मजकुरात एक बिट बदलली तरी संख्या पार बदलते. टीपीएम ती संख्या तशीच लिहून ठेवत नाही. आधीची संख्या आणि नवी संख्या एकत्र करून पुन्हा हॅश काढते आणि तोच ठेवते. फोडणीसारखं आहे. मोहरी आधी की हळद आधी, यावर चव ठरते आणि एकदा पडलेलं परत वेचून काढता येत नाही. शेवटी जी चव जमते तिच्यावरून कळतं, की रोजचेच पदार्थ रोजच्याच क्रमाने पडले की मध्ये कोणी हात घातला. ज्यांची डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या साधनाने कुलूपबंद असते, त्यांची किल्ली टीपीएम ही चव जुळली तरच सोडते. म्हणूनच बायोसमधले खटके हलवण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं असतं. नाहीतर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती कुठे ठेवली होती हे त्या क्षणी कोणालाच आठवत नाही.

माझ्याकडे बिटलॉकर नव्हतं. मी निर्धास्तपणे दुसऱ्या खटक्याकडे वळलो. सिक्युअर बूट म्हणजे संगणक जागा होताना फक्त ओळखीची सही असलेलाच कार्यक्रम चालू देणारा पहारा. तो चालू करायचा तर आधी सीएसएम बंद करावं लागतं. सीएसएम म्हणजे नव्या फर्मवेअरने जुन्या बायोसचं घेतलेलं सोंग. मी आधी त्यातला डिस्कपुरता भाग बंद केला, संगणक पुन्हा चालू केला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली : बूट करण्याजोगी डिस्क नाही.

डिस्क जागेवर होती, विंडोज जागेवर होतं, फोटो जागेवर होते. फक्त फर्मवेअरला त्या डिस्कची भाषा कळत नव्हती.

१९८१ सालच्या आयबीएम पीसीपासून बायोसची रीत साधी होती. डिस्कचा पहिला सेक्टर, ५१२ बाइट, डोळे मिटून वाचायचा आणि त्यात जे असेल ते चालवायचं. १९८३ मध्ये हार्ड डिस्कवाला पीसी आला तेव्हा या ५१२ बाइटांची वाटणी झाली. ४४६ बाइट सुरुवातीच्या कार्यक्रमाला, ६४ बाइट पार्टिशनांच्या, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या तक्त्याला, आणि शेवटचे दोन बाइट ओळखीच्या सहीला. हा एमबीआर. तक्त्यातली एक नोंद १६ बाइटांची, म्हणून नोंदी चारच. चार खोल्यांचं घर. पाचवी हवी तर एका खोलीला 'एक्स्टेंडेड' म्हणून तिच्यातच पडदे लावायचे. प्रत्येक खोलीचा पत्ता ३२ बिटांत लिहायचा, म्हणजे जास्तीत जास्त ४२९ कोटी ४९ लाख सेक्टर, म्हणजे साधारण २.२ टेराबाइट. चार टेराबाइटची डिस्क आणून ती निम्मीच दिसते, असं ज्यांना झालंय त्यांच्या डिस्कवर बहुधा हाच १९८३ चा तक्ता असतो.

नवी रीत यूईएफआयची. इंटेलने ती नव्वदीच्या दशकात आयटेनियम प्रोसेसरसाठी सुरू केली आणि २००५ पासून ती अनेक कंपन्यांच्या मिळून झालेल्या मंडळाकडे आहे. हे फर्मवेअर पहिला सेक्टर आंधळेपणाने चालवत नाही. ते जीपीटी नावाचा मोठा तक्ता वाचतं, ज्यात साधारणपणे १२८ नोंदींची जागा असते आणि ज्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेपटीलाही असते. मग ते एक छोटं फॅट ३२ पार्टिशन शोधतं आणि त्यातली बूटची फाइल नावाने उघडतं. सिक्युअर बूटला नेमकी हीच फाइल लागते, कारण सही तपासायची तर आधी सही केलेली फाइल तरी हवी. ४४६ बाइटांच्या कार्यक्रमावर सही करायला जागा कुठे आहे?

मग माझी २०१८ ची कोरी एसएसडी एमबीआर कशी? कारण ती कोरी राहिलीच नव्हती. २०१२ च्या जुन्या संगणकावर विंडोज ७ होतं, त्यावर पुढे फुकटचं विंडोज १० चढवलं होतं. नवीन पेटी जोडली तेव्हा पुन्हा सगळं टाकायचा कंटाळा म्हणून मी जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर क्लोन केली. ती चालेना म्हणून सीएसएम चालू केलं. सात वर्षं सगळं सुरळीत चाललं. २०१८ च्या पेटीत २०१२ चा संसार नांदत होता.

विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे. ते माहिती न पुसता तक्ता बदलून देतं. आधी नुसती तपासणी करायची सोय आहे, ती प्रत्येकाने वापरावी. सीएसएमचा बंद केलेला भाग परत चालू करून, विंडोजमध्ये शिरून मी ती वापरली. साधनाने नकार दिला.

कारण डिस्क मॅनेजमेंट उघडल्याबरोबर दिसलं. २०१२ च्या दुकानदाराने आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे 'सी', 'डी' आणि 'ई' पाडून दिले होते. सी-मध्ये विंडोज, डी-मध्ये कामाचं, ई-मध्ये गाणी आणि पिक्चर. विंडोज आडवं झालं तर निदान डी-ई वाचतील हा हिशेब, आणि त्या काळी तो बरोबरच होता. पण विंडोज ७ स्वतःसाठी १०० एमबीची एक लपलेली खोली आधीच घेतं. ती एक आणि या तीन, चारही खोल्या भरल्या. बदल करताना साधनाला बूटच्या पार्टिशनसाठी एक नोंद मोकळी लागते, म्हणून तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनं असली तर ते हातच लावत नाही. एक्स्टेंडेड असलं तरी नाही.

ई रिकामा करायला दुपार गेली. गाणी बाहेरच्या डिस्कवर हलवली. ई पुसून साधन पुन्हा चालवलं, आणि ते मिनिटभरात संपलं. चार तासांच्या हमालीनंतर मिनिटभराचं यश जरा अपमानास्पद वाटतं.

आता सीएसएम पूर्ण बंद. संगणक चालू. पंखे फिरले, कीबोर्डचा दिवा लागला, पडदा मात्र काळा. बायोससुद्धा दिसेना.

इथे बरेच जण मदरबोर्ड गेला म्हणून दुकान गाठतात. मीही स्कूटरची किल्ली शोधत होतो. मग आठवलं, की २०१२ च्या पेटीतून डिस्कच नव्हे, ग्राफिक्स कार्डही आलं होतं. पडद्यावर पहिलं अक्षर उमटवायला कार्डाच्या स्वतःच्या रॉममध्ये एक छोटा कार्यक्रम लागतो. जुन्या कार्डांत तो फक्त बायोसच्या भाषेत असतो. सीएसएम होतं तोवर दुभाषा होता. दुभाषा गेला आणि कार्ड मुकं झालं. कार्ड उपसून काढलं, केबल थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावली, कारण या आय-फाइव्हमध्ये ग्राफिक्स आतच आहे. चित्र आलं. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये ते नसतं त्यांना बायोसचे खटके मूळपदावर नेऊन सीएसएम परत आणावं लागतं, किंवा कोणाचं तरी नवं कार्ड उसनं.

कॅबिनेट उघडंच होतं, म्हणून सात वर्षं जुना सीआर२०३२ सेल बदलून टाकला. हा शहाणपणा नडला. वीज बंद असताना बायोसचे खटके आणि घड्याळ या तीन व्होल्टच्या सेलवर तगून असतात. सेल काढला आणि पीटीटी परत बंद, सीएसएम परत चालू, तारीख कित्येक वर्षं मागे. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटही उघडत नाहीत, कारण त्यांची प्रमाणपत्रं संगणकाच्या दृष्टीने अजून लागूच झालेली नसतात. सगळे खटके पुन्हा लावले. त्यातही सिक्युअर बूट 'चालू पण निष्क्रिय' दाखवत राहिलं. बोर्डात सही तपासायच्या किल्ल्याच भरलेल्या नव्हत्या. 'मूळ किल्ल्या भरा' असा पर्याय बायोसमध्ये तीन पानं आत दडलेला होता.

तपासणीच्या अ‍ॅपने आता हिरव्या खुणा दाखवल्या. अपग्रेड सुरू केलं, संगणक दोनदा बंद-चालू झाला, आणि 'बदल मागे घेत आहोत' म्हणत गुपचूप विंडोज १० वर परत आला. सोबत एक आकडा : सी१९००१०१–२००१७. त्याच्या दोन्ही भागांपुढे जो 'शून्य-एक्स' असतो, तो फक्त सोळाच्या पायावरची संख्या असल्याची खूण.

हा आकडा शाप नाही, पत्ता आहे. पहिला भाग सहसा ड्रायव्हरकडे, म्हणजे एखादं यंत्र विंडोजशी जोडणाऱ्या कार्यक्रमाकडे बोट दाखवतो. दुसऱ्या भागातला पहिला अंक टप्पा सांगतो. अपग्रेडचे चार टप्पे असतात. जुन्या विंडोजमध्ये राहून तयारी, हा पहिला. मग जुनं विंडोज बाजूला सारून एक चिमुकलं विंडोज चालू होतं आणि ते फाइलींची अदलाबदल करतं, हा दुसरा. मग नव्याची पहिली सुरुवात आणि मग दुसरी. माझा अंक दोन, आणि उरलेला भाग सांगत होता की बूट होतानाच अडलं. म्हणजे माझ्या फोटोंशी, नोंदणीशी, इंटरनेटशी संबंध नाही. त्या चिमुकल्या विंडोजला पेटीतलं कुठलंतरी यंत्र पचलं नव्हतं. सविस्तर हकीगत सी ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरात, 'पँथर' नावाच्या कप्प्यात, मजकुराच्या फाइलींत लिहिलेली असते. ती शेवटून मागे वाचायची.

नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रात्रीचे अकरा वाजले होते. मी प्रिंटर, बाहेरची डिस्क, पुढच्या पॅनलचा जुना कार्ड रीडर असं सगळं एकदम उपटलं आणि जुनं अँटिव्हायरसही काढून टाकलं. अपग्रेड झालं. गुन्हेगार या चौघांपैकी कोण, हे मी स्वतःच्या हाताने कायमचं झाकून टाकलं.

हे सगळं ज्यांची पेटी मुळात पात्र आहे त्यांच्यासाठी. प्रोसेसरची यादी ही बरीचशी धोरणाची रेषा आहे. सातव्या पिढीचा इंटेल आठव्यापेक्षा एवढा अडाणी नाही, आणि ही रेषा मला आजही उधळपट्टीची वाटते. पण काही अडसर खरे असतात. २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ ला एसएसई ४.२ या संचातल्या सूचना लागतात. ज्या प्रोसेसरला त्या माहीतच नाहीत, जसा कोअर टू ड्युओ, त्याच्यावर कुठल्याही पळवाटेने ते सुरू होत नाही. अशा घरगुती संगणकांना विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. नंतर लिनक्स, किंवा इंटरनेटपासून लांब ठेवलेली पेटी.

आणखी एक तारीख. सिक्युअर बूट ज्या सह्या तपासतं त्यातली मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं २०११ ची आहेत आणि ती जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपतात. २०२३ ची नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात, पण असेंबल्ड बोर्डाला त्यासाठी कधी कधी बायोसही नवं लागतं. बोर्डाचं नाव आणि आवृत्ती लिहून ठेवलेली बरी.

विंडोज १० वर मागे परतायची मुदत दहा दिवसांची असते. ती उलटल्यावर मी डिस्क मॅनेजमेंट सहज उघडलं. साधनाने सी-मधून १०० एमबी कापून बूटसाठी नवी खोली बांधली होती. २०१२ ची १०० एमबीची जुनी खोलीही तशीच होती. त्या जुन्या खोलीतून आता कोणी बूट होत नाही. मी तिला हात लावलेला नाही.