स्टॅनली मायर आणि जल-इंधन घट

मायर, स्टॅनली (२४ ऑगस्ट १९४० – २० मार्च १९९८) : पाण्यापासून काढलेल्या वायूवर मोटार चालवल्याचा दावा करणारे अमेरिकन संशोधक. ओहायो राज्यात, कोलंबस शहरालगतच्या ग्रोव्ह सिटी येथे त्यांचे काम चाले. ‘जल-इंधन घट’ या त्यांच्या उपकरणाला पेटंटे मिळाली, दूरचित्रवाणीवर प्रसिद्धी मिळाली आणि शेवटी न्यायालयाने त्याला फसवणूक ठरवले. तरीही पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा विषय निघाला की आजही सर्वांत आधी मायर यांचेच नाव घेतले जाते.

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात, हे निकोल्सन आणि कार्लाइल या शास्त्रज्ञांनी १८०० साली इंग्लंडमध्ये दाखवले. शाळेतल्या प्रयोगशाळेत होणारे विद्युत अपघटन ते हेच. मायर यांचे म्हणणे मात्र त्याच्या बरेच पुढे जाणारे होते. घटातल्या पोलादी नळ्यांना उच्च दाबाचे विद्युत स्पंद ठरावीक कंपनसंख्येने दिले, तर पाण्याचे रेणू अनुनादामुळे (स्पंदांची लय रेणूंच्या लयीशी जुळल्याने) फुटतात आणि नेहमीपेक्षा फारच थोडी वीज लागते, असे ते सांगत. निघालेला वायू साध्या इंजिनात जाळायचा, त्यातून चाकेही फिरवायची आणि घटासाठी वीजही मिळवायची. या तत्त्वावर त्यांनी एक उघडी डून बग्गी (वाळूवर चालणारी हलकी मोटार) तयार केली होती. लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क प्रवासाला २२ गॅलन, म्हणजे सुमारे ८३ लिटर पाणी पुरेल, असा त्यांचा अंदाज होता.

पाणी ही जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे, आणि सगळी अडचण इथेच आहे. एक लिटर पाणी पूर्णपणे फोडायला सुमारे ४.४ युनिट ऊर्जा लागते. तो वायू पुन्हा जाळून पाणी झाले की जास्तीत जास्त तेवढीच ऊर्जा हाती येते, एक कणही अधिक नाही. त्यातली मोठी वाटणी इंजिन उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते; चाकांपर्यंत चौथा ते तिसरा हिस्सा पोचला तरी पुष्कळ झाले. स्पंदांची पद्धत कितीही कुशलतेने बदलली तरी हा हिशेब हलत नाही, कारण सुरुवातीलाही पाणीच आणि शेवटीही पाणीच असते. मधल्या मार्गाने ऊर्जा निर्माण होत असेल तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच खोटा ठरेल.

प्रवासाचा आकडाही तपासून पाहण्यासारखा आहे. घटाला वीज फुकट मिळाली असे घटकाभर मानू. ८३ लिटर पाण्यातून ९ किलोच्या आसपास हायड्रोजन निघेल आणि त्यातली ऊर्जा जेमतेम ३५ लिटर पेट्रोलइतकी असेल. लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क हे रस्त्याने सुमारे ४,५०० किलोमीटर अंतर. म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे सव्वाशे किलोमीटरहून अधिक धावणारी मोटार हवी! मायर यांच्या समर्थकांनी एवढा साधा भागाकार करून पाहायला हवा होता.

मायर यांनी या तंत्रज्ञानाचे वितरणहक्क विकले होते. ते घेणाऱ्या दोन गुंतवणूकदारांनी १९९६ मध्ये त्यांच्यावर फसवणुकीचा दावा लावला. लंडनच्या क्वीन मेरी महाविद्यालयातील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक मायकेल लॉटन मोटार तपासण्यासाठी आले, पण मायर यांनी सबब सांगून तपासणी होऊ दिली नाही. पुढे तीन तज्ज्ञ साक्षीदारांनी घट तपासला. त्यात क्रांतिकारक असे काहीही नाही, नेहमीचेच विद्युत अपघटन चालते, असा त्यांचा निष्कर्ष होता. न्यायालयाने मायर यांना गंभीर फसवणुकीसाठी दोषी ठरवून २५,००० डॉलर परत करायला लावले.

२० मार्च १९९८ रोजी ग्रोव्ह सिटीतल्या एका उपाहारगृहात जेवताना त्यांना अचानक मृत्यू आला. ‘मला विष घातले’ असे म्हणत ते बाहेर धावले, असे त्यांच्या भावाने सांगितले आणि तेल कंपन्यांनी काटा काढल्याची कथा तिथूनच पसरली. मृत्यूची चौकशी झाली. मायर यांना उच्च रक्तदाब होता आणि मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगवटा फुटून मृत्यू झाला, असा शवचिकित्सेचा निर्णय आहे. शोध दडपला गेला हे म्हणणेही टिकत नाही. त्यांच्या पेटंटांची मुदत संपली असून त्यांतली कृती कोणालाही वाचून करून पाहता येते. तरीही एकाही मोटार उत्पादकाने ती वापरलेली नाही.

पाण्याच्या वायूचे असे पुरस्कर्ते आणखीही झाले. मूळचे बल्गेरियाचे, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले युल ब्राऊन यांनी हायड्रोजन-ऑक्सिजनच्या मिश्रणाची पेटंटे १९७० च्या दशकात घेतली. त्यांची पेटंटे वेल्डिंगसाठी होती आणि तिथे हे मिश्रण खरोखर उपयोगी पडते, कारण भिंतीवरची वीज वापरून कडक, नेमकी ज्योत मिळते. २०१२ मध्ये पाकिस्तानात आगा वकार अहमद यांनी पाण्याच्या गाडीचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा मंत्रीही भारावून गेले होते, पण डॉ. परवेझ हुदभॉय यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी उघड विरोध केला.

हायड्रोजनवर चालणाऱ्या खऱ्या वाहनांशी याची गल्लत होऊ नये. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी तयार केलेली इंधन-घट (हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळवणारा घट) बस सादर झाली. अशा बसमध्ये हायड्रोजन बाहेर ऊर्जा खर्चून तयार करून टाकीत भरलेला असतो, आणि पाणी तिच्यातून बाहेर पडते.

मायलेज वाढवण्यासाठी ‘एचएचओ किट’ (पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजनचे मिश्रण काढणारा संच) या नावाने मोटारींना बसवल्या जाणाऱ्या बाटल्या या दाव्यांचेच वारस आहेत. त्यांना लागणारी वीज अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या विद्युत जनित्राकडून येते, अल्टरनेटर इंजिनावर ओढ टाकतो आणि इंजिन ती पेट्रोल जाळूनच भागवते. शिवाय हायड्रोजन व ऑक्सिजन इथे जळण्याच्या अचूक प्रमाणातच एकत्र असतात. अगदी क्षीण ठिणगीनेही हे मिश्रण पेटते; आग नळीतून उलटी फिरू नये यासाठी अडसर बसवलेला नसेल, तर बाटली फुटून इजा होऊ शकते.