सॅपो-३४ ची ऑर्डर देण्याआधी हे वाचा

सॅपो-३४ म्हणजे ॲल्युमिनियम, फॉस्फरस, सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या सांगाड्याची, आत बारीक पिंजरे असलेली कॅटॅलिस्ट पावडर. मिथेनॉलपासून इथिलीन-प्रोपिलीन करायला ती आमच्याकडून नेणाऱ्या लॅबमधून एकच फोन सारखा येतो: कॅटॅलिस्ट लवकर डेड होतो, पुढच्या बॅचला सिलिका वाढवून द्या. इथेच वेळ वाया जातो.

सिलिकॉन सांगाड्यात फॉस्फरसच्या जागी एकेकटा बसला तर प्रत्येकामागे एक ॲसिड साइट, म्हणजे रिॲक्शन घडवणारी जागा, मिळते, पण जेलमध्ये (ज्यातून क्रिस्टल वाढतात त्या मिश्रणात) सिलिका वाढवत गेलं की सिलिकॉन शेजारी शेजारी जमतात, त्यांची बेटं होतात, बेटाच्या आतल्या सिलिकॉनला साइट मिळतच नाही आणि काठावरच्या साइट मात्र जास्त स्ट्राँग होतात, मग त्यांच्यावर प्रोपिलीनचा प्रोपेन व्हायला लागतो आणि कोक, म्हणजे कार्बनचा साका, भराभर साचतो. पिंजऱ्याचं दार जेमतेम ३.८ ॲंगस्ट्रॉमचं, आत तयार झालेलं ॲरोमॅटिक (बेंझिनसारखा कड्याचा रेणू) बाहेर पडूच शकत नाही. म्हणजे सिलिका वाढवून लाइफ वाढत नाही, उलट घटतं. साधारण एका पिंजऱ्यात एक सिलिकॉन एवढंच प्रमाण आम्ही धरतो आणि तेच बरोबर आहे असं आमचं ठाम मत आहे.

लाइफ हवं असेल तर क्रिस्टल लहान पाहिजे, आणि ते बरंचसं टेम्प्लेटवर, म्हणजे ज्या रेणूभोवती पिंजरा तयार होतो त्यावर, ठरतं. टेट्राइथिल अमोनियम हायड्रॉक्साइड महाग पडतं पण क्रिस्टल बारीक देतं. मॉर्फोलिन स्वस्त, पण क्रिस्टल मोठे, शिवाय एका पिंजऱ्यात त्याचे एकाहून जास्त रेणू मावतात म्हणून सिलिकॉनही जास्त आत जातो. ट्रायइथिल अमाइनही स्वस्तच, फक्त ते कमी पडलं की सॅपो-५ हा वेगळ्या रचनेचा क्रिस्टल मिसळून येतो, म्हणून आम्ही प्रत्येक बॅचसोबत एक्सआरडी (क्रिस्टलची रचना दाखवणारी एक्स-रे चाचणी) देतो. आमचा रेट जास्त का, याचं उत्तर यातच आहे.

आणि हो, पावडर टेम्प्लेटसकट का पाठवता असंही विचारतात. टेम्प्लेट जाळून टाकलेली पावडर पावसाळ्याच्या दमट हवेत बरेच दिवस उघडी राहिली की पाण्याने तिचा सांगाडाच ढासळायला लागतो, टेम्प्लेट आत असेपर्यंत ती टिकते. तुम्ही ५५० डिग्रीला हवेत जाळा आणि लगेच रिॲक्टरमध्ये भरा, उरलेली असेल तर सुकी आणि घट्ट बंद ठेवा.

ऑर्डर देताना रिॲक्शनचं टेंपरेचर आणि मिथेनॉलचा फीड रेट कळवा, टेम्प्लेट आम्ही सुचवू. ठरत नसेल तर दोन टेम्प्लेटचे छोटे सॅम्पल एकदम मागवा, एकाच रनच्या कंडिशनला दोन्ही लावून बघा.