पुळणीवरील कचरा

भरती, लाटा, वारा किंवा पुराच्या पाण्याबरोबर येऊन पुळणीवर (समुद्राच्या वाळूच्या किनाऱ्यावर) साचणारे मानवनिर्मित टाकाऊ घन पदार्थ. यांत प्लास्टिकचा वाटा बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठा असतो. सांडलेल्या खनिज तेलापासून बनणारे डांबरासारखे गोळे काही लेखक यातच धरतात; मात्र त्यांचा विचार तैलप्रदूषणात करणे अधिक सयुक्तिक होय.

अभ्यासाचा आरंभ सामान्यतः १९७० च्या आसपास मानला जातो. उत्तर अटलांटिकमधील सारगॅसो समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिक कणांवरील कार्पेंटर व स्मिथ यांचा लेख १९७२ मधील आहे. तथापि समुद्रपक्ष्यांच्या पोटात प्लास्टिक त्यापूर्वीच आढळले होते.

उगमाविषयी मतभेद आहेत. सागरी कचऱ्यापैकी ८० टक्के जमिनीवरून आणि उरलेला जहाजांवरून येतो, हे विधान सर्वत्र उद्‌धृत होते. शहरांलगतच्या व नदीमुखांजवळच्या पुळणींपुरते ते पटण्यासारखे असले, तरी सरसकट लागू पडत नाही. दक्षिण अटलांटिकमधील निर्जन इनॲक्सेसिबल बेटावर २०१८ मध्ये मिळालेल्या बाटल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आशियाई बनावटीच्या होत्या. १९८० च्या दशकात तेथे दक्षिण अमेरिकेतून वाहत आलेल्या बाटल्यांचे प्राबल्य होते. आशियातून तरंगत तेथवर पोहोचण्यास काही वर्षे लागतात. मात्र यांतील बहुतेक बाटल्यांवरील उत्पादनाची तारीख दोन वर्षांच्या आतली होती. त्यामुळे त्या जवळून जाणाऱ्या जहाजांवरून टाकल्या गेल्या असाव्यात, हा तेथील बाटल्यांचा अभ्यास करणाऱ्या रायन व सहकाऱ्यांचा निष्कर्ष ग्राह्य वाटतो. जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकण्यास मार्पोल या जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने ३१ डिसेंबर १९८८ पासून बंदी आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

वस्तूचा प्रवास तिच्या अंगावरच वाचावा लागतो. बुडाशी ठसवलेली तारीख, झाकणावरील लिपी, उन्हाने आलेला ठिसूळपणा, कडेला माशांनी घेतलेले चावे आणि चिकटलेले देठयुक्त बार्नॅकल (तरंगत्या वस्तूंवर वाढणारे कवचधारी सागरी प्राणी) हे पुरावे होत. बार्नॅकल मोठे असतील, तर वस्तू बराच काळ तरंगत होती असे समजतात. अंगावर काहीच नसेल, तर ती जवळपासचीच असण्याचा संभव अधिक. हे न तपासता, ज्यांच्या दारी कचरा येऊन पडतो त्यांनाच दोषी ठरवणे अन्याय्य आहे.

कारखान्यांतील कच्च्या मालाचे प्लास्टिक मणी स्वतंत्र उल्लेखास पात्र आहेत. २ ते ५ मिमी. व्यासाचे हे मणी भरतीरेषेवरील वाळलेल्या शेवाळात अडकतात आणि जुने होताना पांढऱ्याचे पिवळसर होतात. समुद्रातील पीसीबीसारखी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) विषारी द्रव्ये ते पृष्ठभागावर धरून ठेवतात. म्हणून जपानी शास्त्रज्ञ हिदेशिगे ताकादा यांनी निरनिराळ्या देशांच्या किनाऱ्यांवरून ते मागवून प्रदूषणमापनासाठी वापरले. २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज जळाल्यावर सुमारे १,६८० टन मणी सांडले. वाळूत मिसळलेले मणी चाळणीने वेगळे करावे लागतात. ते पूर्णपणे काढणे जवळजवळ अशक्य असते.

पॅसिफिकमधील हेंडरसन बेटावर ३ कोटी ७७ लाख वस्तू असाव्यात, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो नमुना-पट्ट्यांवरून काढलेला असल्याने केवळ ढोबळ समजावा. पुरलेला कचरा किती खोलवर मोजला, यावर असे आकडे फार बदलतात.

सफाई शक्यतो हाताने करावी. यंत्राने वाळू खरवडल्यास वाहून आलेले शेवाळ व त्यात राहणारे किडे, खेकडेही जातात, आणि त्यांवर जगणारे पक्षी उपाशी राहतात.