स्टिच कोणता आणि ओह कोणता?

दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर आणि किल्ल्यांच्या साखळीवर दिसणारा निळा, लांब कानांचा प्राणी कोण, असे विचारले तर ‘तोच तो, परग्रहावरून येऊन एका मुलीशी दोस्ती करणारा’ असे उत्तर बहुधा मिळते. उत्तर चुकीचे नाही, पण ते दोन वेगळ्या चित्रपटांना सारखेच लागू पडते. पहिला डिस्नेचा ‘लिलो अँड स्टिच’, तो 2002 मध्ये आला. दुसरा ड्रीमवर्क्सचा ‘होम’, तो 2015 मध्ये आला. दोन्हीही विनोदी, कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगे ॲनिमेशनपट आहेत, दोन्हींत घरच्यांच्या बाबतीत दुर्दैवी ठरलेली एक मुलगी आहे आणि स्वतःच्याच लोकांपासून पळणारा एक परग्रहवासी आहे. त्यामुळे गल्लत होणे साहजिकच आहे.

ओळखायची सोपी खूण रूपाची आहे. स्टिच निळा आहे आणि निळाच राहतो. तो आकाराने लहानशा कुत्र्याएवढा असून त्याचे कान अवाढव्य आहेत, आणि गरज पडली की अंगात लपवलेले दोन जास्तीचे हात तो बाहेर काढतो. ‘होम’मधला ओह हा बूव्ह जमातीचा असून मूळचा जांभळा आहे. त्याला ऑक्टोपससारखे अनेक पाय आहेत आणि मनात जे चालले असेल त्याप्रमाणे त्याच्या कातडीचा रंग पालटतो. राग आला की तो लाल होतो, भीती वाटली की पिवळा आणि खोटे बोलला की हिरवा. म्हणजे स्टिचच्या मनातले ओळखायला त्याच्या वागण्याकडे पाहावे लागते, तर ओहचे सारे अंतरंग त्याच्या अंगावरच वाचता येते. हा फरक केवळ दिसण्यापुरता नाही, कारण दोन्ही चित्रपटांतला विनोद बराचसा यावरूनच वेगळ्या वाटांनी जातो.

खरा फरक मात्र सत्ता कोणाच्या हातात आहे, याचा आहे. ‘होम’मध्ये परग्रहवासी जेते आहेत. गॉर्ग नावाच्या शत्रूपासून पळता पळता बूव्ह पृथ्वीवर येतात, ती आपल्यासाठी सोयीची आहे असे ठरवतात आणि सगळ्या माणसांना उचलून ऑस्ट्रेलियात नेऊन सोडतात. हे सारे ते अत्यंत गोड हसत आणि आपण माणसांवर उपकारच करत आहोत अशा समजुतीने करतात. बार्बाडोसहून अमेरिकेत आलेली टिप ही शाळकरी मुलगी या धामधुमीत आपल्या मांजरासह मागे राहते, आणि तिची आई मात्र नेली जाते. ओह हा याच जेत्या लोकांपैकी एक, पण त्यांच्यातला सर्वांना नकोसा झालेला. नव्या घरात राहायला आल्यानिमित्त मेजवानीचे आमंत्रण तो सगळ्या ओळखीच्यांना पाठवायला जातो आणि चुकून ते साऱ्या आकाशगंगेला, अगदी गॉर्गलासुद्धा, रवाना करतो. ज्या शत्रूपासून लपायचे त्यालाच पत्ता कळवणारा हा एक निरोप त्याला आपल्याच लोकांत गुन्हेगार ठरवतो. कार्यालयीन ईमेल लिहिताना ‘सर्वांना उत्तर’ या बटणावर चुकून बोट पडलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग अंगावर काटा आणल्याशिवाय राहणार नाही.

मग एका ओस पडलेल्या दुकानात ओह आणि टिप यांची गाठ पडते. ती त्याला शीतकपाटात कोंडून ठेवते आणि तो तिची मोटार दुरुस्त करून देण्याच्या बोलीवर सुटतो. दुरुस्त झालेली मोटार उडू लागते आणि तिचे इंधन म्हणजे दुकानातले बर्फाळ रंगीत सरबत असते. पुढे पॅरिसची आणि मग ऑस्ट्रेलियाची वाट, वाटेतली भांडणे, आणि आपण ज्यांना आनंदाने हलवले असे समजत होतो त्यांचे प्रत्यक्षात काय झाले हे ओहला हळूहळू उमगणे, अशी ही प्रवासकथा आहे. टिप एकाच वेळी दुःखीही आहे आणि रागावलेलीही आहे, ही गोष्ट एका वेळी एकच रंग धारण करणाऱ्या ओहला समजता समजत नाही. संपूर्ण चित्रपटातला माझ्या मते सर्वांत चांगला भाग हाच आहे.

हा चित्रपट ॲडम रेक्स यांच्या 2007 सालच्या ‘द ट्रू मीनिंग ऑफ स्मेकडे’ या कादंबरीवर आधारलेला आहे आणि कादंबरी त्याहून कितीतरी धारदार आहे. तिच्यात अमेरिकेतल्या माणसांना आधी फ्लोरिडात आणि मग तेथूनही उठवून ॲरिझोनात नेले जाते, आणि त्यातून मूळ अमेरिकी रहिवाशांच्या विस्थापनाची आठवण लेखक उघडपणे करून देतो. चित्रपटाने ही धार बोथट केली. ऑस्ट्रेलियातली माणसांची वसाहत जत्रेतल्या पाळण्यांसारखी रंगीबेरंगी दाखवली आहे आणि सगळ्या मानवजातीला घराबाहेर काढल्याबद्दलची क्षमा ओहला व त्याच्या लोकांना जरा जास्तच स्वस्तात मिळते. एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. कादंबरीतला बूव्ह स्वतःला जे.लो म्हणवून घेतो, हे जेनिफर लोपेझ या गायिका-अभिनेत्रीचे टोपणनाव, आणि चित्रपटात टिपच्या आईला आवाज दिला आहे तो खुद्द जेनिफर लोपेझ यांनी. टिपचा आवाज गायिका रिहाना यांचा आहे आणि त्या स्वतः बार्बाडोसच्याच.

‘लिलो अँड स्टिच’मध्ये हेच नाते उलटे आहे. स्टिच कोणाचाही जेता नाही. प्रयोग क्रमांक 626 म्हणून जुंबा नावाच्या शास्त्रज्ञाने तो केवळ विध्वंसासाठी बनवला, परग्रहवासीयांच्या परिषदेने त्याला हद्दपारीची शिक्षा दिली आणि तो पळून हवाई बेटांपैकी काउआईवर येऊन पडला. पृथ्वीवर आक्रमण होणे तर दूरच, उलट डासांसारख्या दुर्मीळ प्रजातीचे येथे संरक्षण चालू आहे, अशा समजुतीने परग्रहवासी पृथ्वीला धक्का लावायचे टाळतात. येथील प्राणिनिवाऱ्यातून लिलो नावाची जेमतेम सहा वर्षांची मुलगी त्याला कुत्रा समजून घरी आणते. त्यासाठीचे दोन डॉलर तिला स्वतःच्या पैशातून द्यायचे असतात, म्हणून ती ते थोरल्या बहिणीकडून उसने मागते.

या घरावरचे संकट परग्रहावरून आलेले नाही. लिलोचे आईवडील पावसाळी रात्री मोटार अपघातात गेले आहेत आणि तिची बहीण नानी नोकरी, घर आणि एक अत्यंत विचित्र धाकटी बहीण असे तिन्ही सांभाळताना मेटाकुटीला आली आहे. बालकल्याण खात्याचा अधिकारी कोब्रा बबल्स घरी तपासणीला येतो तो प्रसंग पाहावा. लिलोने आतून दाराला खिळे ठोकलेले असतात, चुलीवरचे जळत असते, आणि ‘बहीण शिस्त लावते का’ या त्याच्या प्रश्नावर लिलो मोठ्या उत्साहाने, उशीच्या खोळीत विटा घालून दिवसातून पाच वेळा ठोकते, अशी माहिती देते. नानीच्या चेहऱ्यावरचे भाव आणि त्या अधिकाऱ्याची निर्विकार मुद्रा यांमुळे प्रेक्षक हसतो खरा, पण मुलगी काढून घेतली जाईल ही भीती त्या हसण्याखाली सतत जागी असते. स्टिचच्या उपद्व्यापांनी नानीची नोकरी जाते तेव्हा ती भीती आणखी वाढते. म्हणजे येथे प्रत्येक विनोदी मोडतोडीची किंमत कोणीतरी मोजत असते, तर ‘होम’मधल्या मोडतोडीची मोजदाद फारशी कोणी ठेवत नाही.

लिलोचे एकटेपण दाखवण्याची पद्धतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. दर गुरुवारी ती समुद्रातल्या पज नावाच्या माशाला शेंगदाण्याच्या लोण्याचे सँडविच खाऊ घालते, कारण हवामान त्याच्या हाती असते असे ती मानते. जिचे पालक पावसात गेले त्या मुलीने हवामानाच्या माशाला खूश ठेवावे, याचा अर्थ चित्रपट उलगडून सांगत नाही, आणि ते बरेच आहे. ओहच्या बाबतीत असे काही सुटायला वावच नाही, कारण त्याची कातडीच भाष्य करते.

शेवटही या फरकाला धरूनच आहेत. ‘होम’मध्ये ओहला शेवटी आपल्या जमातीचे कप्तानपद मिळते आणि शत्रूशी समेट होतो. स्टिचची सुटका मात्र कागदावर होते. त्याला ताब्यात घ्यायला आलेल्या परिषदेच्या अध्यक्षांपुढे लिलो प्राणिनिवाऱ्याची पावती धरते आणि सांगते की हा माझा आहे, मी पैसे मोजले आहेत. सरकारी कागदाने ज्या घरावर टांगती तलवार ठेवली त्याच घराला दुसऱ्या एका सरकारी कागदाने वाचवावे, ही पटकथेची कमाल आहे.

चित्रांचा पोतही सांगून जातो. ‘होम’ पूर्णपणे संगणकीय त्रिमितीतला, चकचकीत आणि फुगीर रेषांचा आहे. ‘लिलो अँड स्टिच’ ख्रिस सँडर्स आणि डीन डेब्लॉइस यांनी डिस्नेच्या फ्लोरिडातील स्टुडिओत हाताने रेखाटून घडवला, आणि त्यातली पार्श्वभूमी जलरंगांत रंगवलेली आहे. डिस्नेच्या चित्रपटांत हे तंत्र 1940 च्या दशकानंतर असे पुन्हा दिसले. स्टिचचा आवाजही सँडर्स यांचाच. मूळ योजनेत शेवटी स्टिच एक प्रवासी विमान घेऊन होनोलुलूच्या इमारतींमधून जाणार होता. 11 सप्टेंबर 2001 नंतर तो प्रसंग बदलून डोंगरांमधून जाणाऱ्या अंतराळयानाचा करण्यात आला.

घरात पाच-सहा वर्षांची मुले असतील तर आधी ‘होम’ दाखवणे सोपे. त्यातली भीती रंगीत आणि अल्पजीवी आहे. ‘लिलो अँड स्टिच’मधली आईवडिलांच्या मृत्यूची आणि ताटातुटीची गोष्ट काही मुलांना जड जाते. तिच्याविषयी बोलायला कोणी मोठे माणूस शेजारी बसलेले बरे. या चित्रपटातल्या एका प्रसंगात लिलो कपडे वाळवण्याच्या यंत्रात जाऊन लपते. पुढे ओटीटीवरील आवृत्तीत मुलांनी अनुकरण करू नये म्हणून तेथे कपाट दाखवण्यात आले आहे, त्यामुळे दोन ठिकाणी हा प्रसंग वेगळा दिसला तरी गोंधळून जाण्याचे कारण नाही.

एक गल्लत मात्र अलीकडची आहे. 2025 मध्ये डिस्नेने ‘लिलो अँड स्टिच’ याच नावाने खऱ्या कलाकारांना घेऊन नवा चित्रपट काढला आणि त्याने जगभरात एक अब्ज डॉलरांहून अधिक कमाई केली. मूळ चित्रपटात स्टिचला पकडायला येणारा कप्तान गँटू त्यात नाही, खलनायकाचे काम जुंबाकडे गेले आहे, आणि नानीच्या वाट्याला शेवटी वेगळाच निर्णय आला आहे. तेव्हा जलरंगातला काउआई पाहायचा असेल, तर नावापुढचे साल 2002 आहे हे पाहूनच बटण दाबावे.