दिवे नाचले म्हणजे मिश्रण जमलं असं नाही

इंजेक्शनच्या मोटरसायकलवर हौसेने ट्यूनिंग करणारे बरेच जण एक जुगाड करतात. गाडीच्या मूळ ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला रंगीत दिव्यांचा मीटर जोडायचा आणि दिवे मधोमध नाचू लागले की हवा-इंधनाचं मिश्रण जमलं म्हणून खूश व्हायचं. पण त्या नाचातून मिश्रण कोणत्या बाजूला आहे एवढंच कळतं, किती ते नाही.

मूळ सेन्सर बहुधा नॅरोबँड, म्हणजे अरुंद पट्ट्यातच नीट मोजणारा असतो. त्यात झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. ते ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की ऑक्सिजनचे आयन त्यातून सरकू लागतात. एका अंगाला बाहेरची हवा, दुसऱ्या अंगाला इंजिनचा धूर; दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या तफावतीमुळे व्होल्टेज तयार होतं. त्याचं गणित जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर नेर्न्स्ट यांनी मांडलं, आणि झिर्कोनियावर चालणारा दिवाही त्यांनीच बनवला होता.

गोम अशी की या सूत्रात लॉगरिदम आहे. ७०० अंशांना धुरात १ टक्का ऑक्सिजन असेल तर सुमारे ६४ मिलिव्होल्ट मिळतात, २ टक्के असेल तर ४९. ऑक्सिजन दुप्पट झाला तरी फरक जेमतेम १५ मिलिव्होल्टचा! मिश्रण जरासं रिच झालं, म्हणजे इंधन जास्त झालं, की मात्र प्लॅटिनमच्या थरावर उरलासुरला ऑक्सिजनही जळून जातो आणि व्होल्टेज एकदम ०.८-०.९ व्होल्टवर उडी घेतं. ही उडी लॅम्डा (मिळालेली हवा भागिले लागणारी हवा) १ च्या आसपास, म्हणजे हवा आणि इंधन एकमेकांना नेमकी पुरतात तिथे असते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सांभाळायला इसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, तेवढंच पुरतं. पण पूर्ण ताकद साधारण ०.८५ ते ०.९ लॅम्डाला मिळते, आणि तिथे नॅरोबँडचा आलेख जवळपास सपाट असतो. त्यातही सेन्सरचं तापमान बदललं की आकडा सरकतो.

वाइडबँड, म्हणजे रुंद पट्ट्यात मोजणारा सेन्सर, इथे भारी युक्ती करतो. धूर एका बारीक सच्छिद्र अडथळ्यातून इवल्याशा पोकळीत येतो. पोकळीवर नेर्न्स्ट सेलचा, म्हणजे वरच्यासारख्याच व्होल्टेज देणाऱ्या झिर्कोनियाच्या तुकड्याचा, पहारा असतो आणि तिथे कायम ०.४५ व्होल्ट राहिलेच पाहिजेत, असा कंट्रोलरचा हट्ट असतो. ऑक्सिजन जास्त झाला की दुसरा सेल, म्हणजे पंप सेल, तो बाहेर काढतो. कमी पडला तर बाहेरच्या धुरातल्या पाण्याच्या वाफेतून आणि कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन तोडून आत ढकलतो. गळक्या होडीतलं पाणी एका पातळीवर ठेवायला किती जोराने उपसावं लागतंय, यावरून भोक केवढं ते कळतं, तसंच हे. ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूमागे चार इलेक्ट्रॉन खर्ची पडतात, त्यामुळे पंपाचा वीजप्रवाह हेच थेट मोजमाप. तिथे लॉगरिदमची भानगडच उरत नाही. अख्खा कारभार जेमतेम काही मिलिअँपिअरचा.

वाइडबँड निवडताना बॉश कंपनीचे एलएसयू ४.२ आणि ४.९ हे सेन्सर सारखे पुढे येतात. ४.२ संदर्भासाठी बाहेरची हवा घेतो. ती दूषित झाली की आकडा घसरतो, म्हणून मोकळ्या हवेत अधूनमधून कॅलिब्रेशन करावं लागतं. ४.९ स्वतःचा संदर्भ ऑक्सिजन पंप करून तयार करतो. मी डोळे झाकून ४.९ घेईन, पण कंट्रोलर त्याच सेन्सरसाठी बनलेला हवा. मीटर लॅम्डामध्ये वाचावा. हवा-इंधनाचं १४.७ हे वजनी प्रमाण शुद्ध पेट्रोलचं. इथेनॉल मिसळलं की ते खाली येतं, लॅम्डा १ मात्र १ च राहतो.

सेन्सरच्या वायरीत घालायच्या ‘ताकद वाढवणाऱ्या’ डब्या निव्वळ भूलथापा आहेत. त्या सिग्नल खोटा करतात, आणि पूर्ण थ्रॉटलला बहुतेक इसीयू त्या सिग्नलकडे बघतही नाहीत.

वाइडबँडचे आटे सहसा १८ मिलिमीटरचे. अनेक मोटरसायकलींचं मूळ भोक १२ चं, म्हणजे वेल्डिंग आलं. सेन्सर आडवा बसवू नये, निदान १० अंश वर कललेला हवा, नाहीतर साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकला तडा देतं. हीटर बंद ठेवून तो धुरात राहू दिला तर काजळीने जातो.

आणि मिसफायर झालं, म्हणजे मिश्रण पेटलंच नाही, तर चांगला वाइडबँडसुद्धा फसतो. न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं, पण त्याच्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही, आणि मीटर ‘लीन’, म्हणजे इंधन कमी, दाखवतो. अतिरिच मिश्रणाने मिसफायर होत असेल तर ट्यूनर इंधन आणखी वाढवतो आणि मीटर आणखी लीन होतो. अशा वेळी आधी स्पार्क प्लग काढून बघावा.