मुलाच्या ताब्यासाठी अर्ज: कोर्ट कोणते, कागद कोणते, आणि मागणी कशी लिहायची

नवरा-बायको वेगळे झाले की मुलाच्या ताब्याचा अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा, हे आधी कुठला दावा चालू आहे यावर ठरते. घटस्फोटाचा किंवा नांदण्याचा दावा चालू असेल तर वेगळी याचिका लागत नाही. त्याच दाव्यात हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 26 खाली अर्ज देता येतो. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झाले असेल तर कलम 38. असा कोणताच दावा नसेल तर पालक व पाल्य कायदा, 1890 खाली स्वतंत्र याचिका करावी लागते. हा कायदा कोणत्याही धर्माच्या पालकांना वापरता येतो. घरगुती हिंसाचाराची केस मॅजिस्ट्रेटपुढे असेल, तर 2005 च्या कायद्याच्या कलम 21 खाली त्या महिलेला मुलाचा तात्पुरता ताबा तिथेच मागता येतो.

याचिका कौटुंबिक न्यायालयात दाखल होते. जिथे ते नाही तिथे जिल्हा न्यायालयात. कोणत्या गावच्या कोर्टात, हे 1890 च्या कायद्याचे कलम 9 सांगते: मूल जिथे नेहमी राहते तिथल्या. लग्न कुठे झाले याचा इथे संबंध नाही. एका पालकाने याचिका दाखल करण्याच्या आदल्या आठवड्यात मूल दुसऱ्या शहरात नेले की अधिकारक्षेत्रावरच महिनोन्‌महिने वाद चालतो, आणि तोवर मूल एका पालकाला दिसतही नाही. म्हणून शाळेचा बोनाफाईड दाखला आणि चालू वर्षाची फीची पावती याचिकेसोबतच जोडा. मूल कुठे राहत होते हे त्या दोन कागदांइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

अर्ज आई करू शकते, वडील करू शकतात, आजी-आजोबा किंवा इतर नातेवाईकही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याच कायद्याचे कलम 13 मुलाचे हित सर्वांच्या वर ठेवते. पगार कोणाचा मोठा, एवढ्यावर ताबा ठरत नाही. कमावणाऱ्या पालकाने पोटगी द्यावी, असा आदेश होऊ शकतो.

कागदांत मुलाचा जन्मदाखला, विवाहाचा दाखला, दोघांचे पत्ते, तुमच्या उत्पन्नाचा आणि राहत्या घराचा पुरावा, लसीकरणाचे कार्ड, आजारपणाचे कागद, आधीच्या सर्व केसच्या प्रती. आधी कुठेही अर्ज केला असेल तर तो लपवू नका. 1890 च्या कायद्याच्या कलम 10 प्रमाणे तो याचिकेत लिहावाच लागतो. कोर्टाकडून कायदेशीर पालक (गार्डियन) म्हणून नेमणूक मागत असाल तर तुमची तयारी असल्याचे सहीचे निवेदन आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. हे निवेदन सहज विसरले जाते. मोबाईलमधले संदेश पुरावा म्हणून द्यायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र सोबत द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मुख्य निकालाला वेळ लागतो, म्हणून याचिकेसोबतच अंतरिम ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज द्या. कौटुंबिक न्यायालय आधी समुपदेशकाकडे पाठवते. समज असलेल्या मुलाशी न्यायाधीश स्वतः बोलू शकतात. कृपा करून मुलाला पढवून नेऊ नका. आठ वर्षांचे मूल मोठ्या माणसांचे शब्द घोकून बोलू लागले की ते लगेच कळते, आणि त्या खोलीत बसून त्याला काय वाटत असेल याचाही विचार करा.

सर्वांत जास्त मेहनत घ्यावी ती मागणीच्या परिच्छेदावर. कोर्टाला नवरा-बायकोत कोण बरोबर हे ठरवायचे नसते. मुलाचा सोमवार ते रविवार कसा जाईल हे ठरवायचे असते. तरीही कित्येक याचिकांत पंचवीस पाने आरोप आणि शेवटी ‘भेटीचे योग्य ते अधिकार मिळावेत’ एवढीच ओळ. आदेश तसाच झाला तर अंमलबजावणी कशाची मागणार? त्याऐवजी असे लिहा: ‘दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी 10 वाजता अर्जदार मुलाला सोसायटीच्या गेटवरून घेईल आणि रविवारी सायंकाळी 6 वाजता तिथेच पोहोचवेल. बुधवारी रात्री 8 ते 8.20 व्हिडिओ कॉल, फोन ताबा असलेल्या पालकाने लावून द्यावा. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, दिवाळी व गणपती आलटून-पालटून. मूल आजारी असेल तर आदल्या दिवशी कळवावे आणि ती भेट पुढच्या शनिवारी द्यावी.’ शाळेच्या पालकसभा, प्रगतिपुस्तकाची प्रत, पासपोर्ट आणि परदेश प्रवासाची परवानगी याही गोष्टी इथेच घाला. तीन वर्षांच्या मुलाला एकदम रात्रीचा मुक्काम मागू नका. आधी दोन तास, मग दिवस, मग मुक्काम, अशा टप्प्यांची मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त.

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1973 पासून हे सांगितले आहे: परिस्थिती बदलली, मूल मोठे झाले, तर बदलाचा अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निकालावर कौटुंबिक न्यायालये कायदा, 1984 च्या कलम 19 खाली 30 दिवसांत उच्च न्यायालयात अपील आहे. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर ते नाही, म्हणून संमतीच्या अटींवर सही करण्याआधी प्रत्येक वार आणि वेळ वाचा.

समोरचा भेट देत नसेल तर पोटगी थांबवू नका, आणि पोटगी येत नाही म्हणून भेट अडवू नका. दोन्ही चुका पुढच्या तारखेला तुमच्यावरच उलटतात. ठरल्या वेळी ठरल्या जागी जा, न मिळालेल्या प्रत्येक भेटीची तारीख लिहून ठेवा, त्याच दिवशी संदेश पाठवा आणि त्या नोंदींसह त्याच कोर्टात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की एक झेरॉक्स शाळेच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.